दगड हलवावेत

दुकानदाराने मासा द्यायला चक्क नकार दिला. पैसे पुढे करून उभ्या असलेल्या गिऱ्हाईकाला दुकानदार नाही म्हणतो, हा प्रकार बाईंनी त्रेसष्ट वर्षांत पाहिला नव्हता. एकतीस वर्षं शाळेत आणि त्यातली एकोणीस शाळेचं वेळापत्रक लावण्यात गेल्यामुळे नकार देणं त्यांना उत्तम जमत असे. घेण्याची सवय नव्हती. त्यांनी काचेवर बोट टेकवून दाखवलेला मासा लिंबाच्या सालीसारखा पिवळा होता, वाळूवर पोट टेकून बसलेला, आणि बसल्या जागी काहीतरी निमूट सोसत असावा असा दिसणारा. गोबी, असं दुकानदार म्हणाला होता आणि जाळी पाण्यात घातलीही होती. मग त्याने सहज विचारावं तसं विचारलं, घरी टाकीत आत्ता कोण कोण आहे. एकच आहे, बाई म्हणाल्या, निळा, बोटाएवढा. किती दिवस झाले? दीड वर्ष. आणि त्याच्या सोबतीला? सोबतीला मागच्या वर्षी एक आणला होता, तोंडाकडे पांढरा आणि शेपटीकडे लाल होत गेलेला, तुमच्याकडूनच नेला होता, तो गेला. गेला म्हणजे मेला का? म्हणजे उडी मारली त्याने, बाई म्हणाल्या, टाकीच्या मागे फरशीवर वाळून पडलेला सापडला. आपणहून मारली उडी. दुकानदाराने जाळी पाण्याबाहेर काढली, बादलीच्या काठावर आडवी ठेवली, टॉवेलला हात पुसले आणि अगदी हळू आवाजात म्हणाला,

“आपणहून कोणी उडी मारत नाही, बाई.”

वाक्य काही फार मोठं नव्हतं. दुकानात वीस-पंचवीस टाक्यांचे पंप घरघरत होते, दारात कोणीतरी माशांचं खाणं मागत होतं, आणि तरी ते वाक्य बाईंना कानाशी येऊन सांगितल्यासारखं ऐकू आलं. दुकानदार पुढे बरंच बोलला. खाऱ्या पाण्याची टाकी नवी असते तेव्हा पाणी कच्चं असतं, नाजूक मासा त्यात तगत नाही, म्हणून लोक आधी हा निळा डॅमसेल सोडतात, कारण तो काटक, कशातही जगतो. चूक होते ती तिथेच, आणि सगळे तीच करतात. काटक मासा जगतो, आणि जगला की अख्खी टाकी त्याची होते. दिसायला चिमुकला, पण मागाहून येणारा त्याच्या तिप्पट असला तरी त्याला तो टिकू देत नाही. मारून टाकायचं असतं असंही नाही. दुसरा एखाद्या दगडापाशी जरा स्थिरावला की त्याला तिथून उठवायचं, पुन्हा स्थिरावला की पुन्हा उठवायचं, दिवसातून शंभर वेळा. मग दुसरा कोपरा धरतो, खाणं सोडतो, आणि एक दिवस झाकणाची फट शोधतो. भांडण म्हणाल तर डोळ्यांना काही दिसत नाही, दुकानदार म्हणाला, शेपटीला एखादी बारीक चीर दिसली तर दिसली. बाईंनी चष्मा काढून पुसला.

त्यांनी पर्समधून चौकटीच्या कागदाची घडी काढली. यजमानांचा कागद होता तो. यजमान नकाशे काढण्याच्या नोकरीतून निवृत्त झाले आणि सगळे निवृत्त लोक जे करत नाहीत ते त्यांनी केलं, म्हणजे ठरवलेलं खरंच करायला घेतलं. चार फुटांची टाकी आणली, मीठ मोजून पाणी केलं, दगड रचले, दीड महिना नुसतं पाणीच बघत बसले. आणि त्या दीड महिन्यात त्यांनी हा तक्ता आखला: उभ्या ओळीत माशांची नावं, आडव्या ओळीत तीच नावं, आणि कोणाचं कोणाशी जमेल तिथे बरोबरची खूण, जमणार नाही तिथे फुली. बाईंना टाकीचं कौतुक यथातथाच होतं, पण तक्ता त्यांना पाहताक्षणी आवडला होता. तो त्यांच्या वेळापत्रकाचा सख्खा भाऊ होता. गणिताच्या सरांना चित्रकलेच्या बाईंच्या शेजारचा वर्ग द्यायचा नाही, दोन मॉनिटर एका बाकावर नकोत, हे सगळं त्यांनी एकोणीस वर्षं असंच चौकटीत बसवलं होतं, आणि शाळा बिनतक्रार चालली होती. निळ्याच्या ओळीत मात्र यजमानांनी एकापुढे एक फुल्याच मारल्या होत्या. तरी पहिला सोडला तो निळाच, कारण तेव्हाच्या दुकानदाराने तोच दिला. आणि तो सोडल्यावर अकराव्या दिवशी यजमान दुपारचे आडवे झाले ते उठले नाहीत. कागद दुकानदाराने उजेडाला धरला, समासातली शिसपेनची ओळ वाचली आणि म्हणाला, यांना ठाऊक होतं की. ओळ बाईंनीही शंभरदा वाचली होती: ‘नवा सोडण्याआधी दगड हलवावेत.’ ती त्यांना साफसफाईची वाटली होती.

साफसफाईची नव्हती. सगळे दगड उचलायचे, दुकानदाराने सांगितलं, आणि वेगळ्याच तऱ्हेने रचायचे. गुहा होती तिथे सपाटी, सपाटी होती तिथे गुहा. निळ्याला स्वतःचाच पत्ता सापडता कामा नये. मग नव्याला भोकं पाडलेल्या पारदर्शक डबीत घालून ती डबी आत सोडायची, चार दिवस. दिसेल पण चावता येणार नाही. तोवर दोघेही सारखेच नवे होतात. एवढं करा आणि शुक्रवारी या, मासा तुमच्यासाठी राखून ठेवतो. आज मंगळवार होता. बाई रिकामी पिशवी घेऊन निघाल्या आणि दोन चौक चालून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण घराच्या उलट दिशेने चाललो आहोत.

आपणहून. हा शब्द त्यांनी फारच वापरला होता. वन्सं आपणहून गेल्या, असं त्यांनी मुलाला फोनवर सांगितलं होतं, शेजारणीला सांगितलं होतं, आणि कोणी विचारलं नसतानाही एक-दोघांना सांगितलं होतं. वन्सं म्हणजे यजमानांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, एका वकिलाच्या कचेरीत टायपिस्ट म्हणून उभं आयुष्य काढलं, आणि निवृत्त झाल्यावरही शहराच्या पार दुसऱ्या टोकाला दोन खोल्यांत एकट्या राहिल्या. आता ती इमारत महिनाअखेर रिकामी करायची होती. मुलाने दूरच्या शहरातून फोनाफोनी करून वृद्धांच्या एका निवासात खाट बघून ठेवली होती, आणि तिथला अर्ज बाईंच्या फ्रिजवर लोहचुंबकाखाली नऊ दिवस लटकत होता. ‘जबाबदार नातेवाईक’ या शब्दांपुढे सहीची जागा होती. मुलगा कधी तोडून बोलत नसे, पण परवा म्हणाला होता की, आई, आत्याला तुझ्याकडे ठेवायचं की अर्जावर सही करायची एवढंच ठरव, रविवारनंतर ती खाट दुसऱ्या कोणाला जाईल. आणि बाईंनी त्याला सांगितलं होतं की, अरे, मी कधी नाही म्हटलंय का, मागच्या वर्षी पंधरा दिवस राहिल्याच होत्या ना, त्या आपणहून गेल्या. बोलताना त्यांना स्वतःचं अगदी पटत होतं.

घरी आल्यावर त्यांनी दिवा न लावता टाकीसमोरची खुर्ची ओढली. टाकीचा स्वतःचा निळसर उजेड होता, तेवढा पुरे होता. निळा त्याच्या कमानीतून बाहेर आला, काचेपर्यंत येऊन त्यांच्याकडे बघून गेला, वाळूवर पडलेलं एक शिंपल्याचं टरफल तोंडाने ढकलत ढकलत कडेला नेऊन टाकलं आणि परत कमानीत गेला. हे तो रोज करायचा. पंपाच्या झोताने टरफल रोज मध्ये यायचं आणि हा रोज ते कडेला टाकायचा. बाईंना त्याचं आजवर कौतुक वाटत आलं होतं, किती टापटिपीचा आहे म्हणून. यजमान गेल्यानंतर घरात हलणारं असं तेवढंच उरलं होतं, आणि त्यांनी त्याला जपलं होतं. खाऱ्या टाकीतलं पाणी उडून जातं, मीठ मात्र तिथेच राहतं, म्हणून उडालं तेवढं साधं पाणीच वरून घालायचं असतं, हे त्या शिकल्या होत्या; मीठ मोजायच्या तरंगत्या नळीवरचा आकडा रोज सकाळी वहीत मांडत होत्या. दीड वर्षात एकही सकाळ चुकली नव्हती.

त्या या घरात आल्या तेव्हा सव्वीस वर्षांच्या होत्या आणि वन्सं चौतीसच्या. सासूबाई आजारी असत, घर वन्संच्या हातात होतं. हातात म्हणजे अक्षरशः बोटांत. वन्संना न बघता टाइप करता येत असे आणि त्याचा त्यांना भारी अभिमान होता. बटणांकडे बघून टाइप करणारी माणसं त्यांना अर्धशिक्षित वाटत. स्वयंपाकघरातही तेच. पाठ फिरवून बोलत उभ्या असतानाही हात मागे जायचा आणि बरोब्बर हवा तो डबा घेऊन यायचा. चहाचा डबा शेगडीच्या डावीकडे, साखर खालच्या फळीवर, मीठ वरच्या, कात्री फोनच्या खणात. नव्या सुनेने कात्री शिवणाच्या डब्यात ठेवली की दुसऱ्या दिवशी ती फोनच्या खणात असायची. वन्सं ओरडत नसत, टोमणाही मारत नसत; नुसतं म्हणत, कात्री इथे असते. ‘असते’ या शब्दावर बाई बाथरूममध्ये जाऊन रडल्या होत्या, एकदा नव्हे, अनेकदा. नावडतीचं मीठ अळणी म्हणतात, पण इथे मिठाची चव बघायची वेळच येत नव्हती, कारण मीठ कुठे आहे हेच सुनेला सापडत नव्हतं. यजमान दोघींच्या मध्ये ‘तेरी भी चूप, मेरी भी चूप’ करून नकाशे काढत बसत. मग सासूबाई गेल्या, मुलगा झाला, आणि बाईंना हळूहळू धीर आला. एका वर्षी चहाचा डबा उजवीकडे आला. दुसऱ्या वर्षी साखर आणि मिठाने जागा बदलल्या, कारण मूल खालच्या फळीवरच्या साखरेत हात घालतं, हे कारण बिनतोड होतं. तिसऱ्या वर्षी कात्री शिवणाच्या डब्यात गेली आणि तिथेच राहिली. चौथ्या वर्षी वन्संनी कचेरीजवळ दोन खोल्या बघितल्या. जायचं-यायचं सोयीचं पडेल, म्हणाल्या. तेव्हाही आपणहूनच गेल्या होत्या.

इथवर सगळं बाईंना आधीही आठवत असे, आणि दर वेळी त्या आठवणीत सोसणाऱ्या त्याच असत. आज काचेपुढे बसल्यावर मागच्या वर्षीचे पंधरा दिवस वर आले आणि त्यांत सोसणारी म्हणून बसायला जागाच सापडेना. यजमानांना जाऊन सहा महिने झाले होते, वन्संना एकटं वाटतं म्हणून मुलानेच आणून सोडलं होतं. आणि पहिल्याच दिवशी कात्री फोनच्या खणात. दुसऱ्या दिवशी चहाचा डबा डावीकडे. तीस वर्षांनी. जित्याची खोड, बाई मनात म्हणाल्या होत्या, आणि ठरवलं होतं की आपण मात्र एक अक्षर बोलायचं नाही. बोलल्या नाहीतच. वन्सं दुपारच्या आडव्या झाल्या की बाई घरभर हिंडून सगळं जागच्या जागी ठेवायच्या. वन्सं खुर्ची खिडकीशी ओढून बसायच्या, उठल्या की बाई खुर्ची परत भिंतीला लावायच्या. वन्संचा चष्मा टेबलावर असला तर तो उचलून कपाटावर, कारण टेबल ही चष्म्याची जागा नव्हे. नवव्या की दहाव्या दिवशी वन्सं स्वतःच्या हाताने चहा करून घेत होत्या आणि त्यांनी खालच्या फळीवरच्या डब्यातलं मीठ दोन चमचे कपात घातलं, ते बाईंनी दारातून पाहिलं. सांगावं असं तोंडापर्यंत आलं, पण तेवढ्यात वन्संनी घोट घेतला होता. चेहऱ्यावर रेषही हलली नाही. त्यांनी तो कप शेवटपर्यंत प्यायला, विसळला, आणि तिथेच ओट्याला हात टेकून थोडा वेळ उभ्या राहिल्या. केवढा हा ताठा, बाईंना वाटलं होतं, चूक झाली म्हणतील तर शपथ. त्याच आठवड्यात लाल शेपटीचा मासा टाकीमागे सापडला होता, आणि पंधराव्या दिवशी वन्संनी पिशवी भरली. माझं तिकडे बरं आहे गं, म्हणाल्या, तिकडची सवय आहे. दारातून जाताना त्यांनी मागे वळून टाकीकडे बघितलं होतं, की बघितल्यासारखं केलं होतं, कोण जाणे.

शंभर वेळा, दुकानदार म्हणाला होता. बाईंनी मनाशी हिशेब मांडून पाहिला, खुर्ची, कात्री, डबा, चष्मा, गुणिले पंधरा, आणि मग मांडायचं थांबवलं. त्यांना लाज वाटली. दुसऱ्या कोणासमोर वाटते तशी नाही, कारण समोर कोणी नव्हतं. नुसताच छातीपासून कानांपर्यंत चढणारा एक गरम लोट. सदतीस वर्षं त्या स्वतःला चावे सोसणारी समजत आल्या होत्या, आणि इतकी वर्षं एका जागी जगून आपल्याला दात कधी आले ते कळलंसुद्धा नाही. वन्संनी एकदा त्यांना उठवलं, त्यांनी वन्संना दोनदा. माणसं एकमेकांना पाण्यात पाहतात ती अशीच, आवाज न करता, हे वर्गातल्या कोणा मुलीने निबंधात लिहिलं असतं तर बाईंनी लाल रेघ मारून ‘अतिशयोक्ती’ असं लिहिलं असतं. निळा पुन्हा बाहेर आला. टरफल पुन्हा मध्ये आलं होतं.

बुधवारी सकाळी त्यांनी बाह्या खांद्यापर्यंत दुमडल्या आणि टाकीत हात घातला. पाणी जरासं कोमट होतं, कोणाच्या तरी हातात हात द्यावा तसं. पहिला दगड उचलला तशी निळ्याने येऊन मनगटाला कडकडून चावा घेतला. कडकडून म्हणजे मुंगी चावल्याइतपत, पण बाई इतक्या दचकल्या की दगड निसटला आणि पाणी उसळून भिंतीवर गेलं. मग त्या एकट्याच हसल्या आणि माशाला म्हणाल्या, चाव बाबा, तुझं बरोबर आहे. अकरा दगड होते. यजमानांनी ते नकाशासारखे रचले होते, प्रत्येकाच्या मागे काही विचार होता, आणि तो विचार मोडताना बाईंचा हात दोनदा थांबला. त्या कमानीला यजमानांच्या बोटांनंतर कोणाची बोटं लागली नव्हती. पण लिहिलं तर त्यांनीच होतं. दगड हलवावेत. दुपारपर्यंत पाणी गढूळ झालं, संध्याकाळी निवळलं, आणि निवळल्यावर निळा टाकीच्या बरोबर मध्यावर, कशालाही न टेकता, नुसते पंख हलवत तरंगत होता. तो कुठेच जात नव्हता. बाईंना त्याची फार दया आली, आणि तशाच दुमडलेल्या बाह्यांनी त्यांनी फोन उचलला.

वन्संनी चौथ्या घंटेला घेतला. बाईंनी इकडचं तिकडचं काही विचारलं नाही, कारण विचारत बसल्या असत्या तर राहून गेलं असतं. म्हणाल्या, वन्सं, रविवारी या, राहायलाच या, अर्जावर मी सही केलेली नाही. वन्सं म्हणाल्या की, बघू, येते, पण अर्ज जवळ असू दे, आणि फोन ठेवला. एवढंच बोलणं झालं, पण बाईंचा जीव भांड्यात पडला आणि लगेच दुसऱ्या काळजीने परत वर आला. बोलावणं सोपं होतं. सोळाव्या दिवशी काय?

उत्तर टाकीत तरंगत होतं. गुरुवारी बाईंनी घर हलवायला घेतलं. जड कपाटांच्या पायांखाली जुनी चादर सरकवून ती ओढायची युक्ती त्यांना शाळेत गॅदरिंगच्या वेळी एका शिपायाने शिकवली होती. पलंग खिडकीकडून भिंतीकडे गेला, जेवणाचं टेबल बाहेरच्या खोलीत आलं, फोनचं टेबल, ज्याच्या खणावरून एवढं महाभारत झालं, ते आतल्या खोलीत गेलं. खुर्च्यांना ठरलेली अशी जागाच राहू नये म्हणून त्या चार दिशांना ठेवल्या. स्वयंपाकघरात तर त्यांनी अगदी खडूने आखून घेतलं: चहा ना डावीकडे ना उजवीकडे, थेट खिडकीच्या खालच्या कोनाड्यात; साखर-मीठ दोन्ही पार समोरच्या भिंतीवर; कात्री खिळ्याला टांगलेली. एकही वस्तू जुन्या जागी राहिली नाही. वेळापत्रक इतकं निर्दोष त्यांनी आयुष्यात लावलं नव्हतं. शुक्रवारी सकाळी चहाला उठल्या तेव्हा त्यांना स्वतःलाच डबा सापडेना, पोटरीला टेबलाचा कोपरा लागून काळंनिळं झालं, आणि त्यांना विलक्षण आनंद झाला. आता इथे कोणीच जुनं नव्हतं. दुपारी पिवळा गोबी आणला, भोकाच्या डबीत घालून पाण्यात सोडला. निळा डबीपाशी आला, तिला तोंड लावून एक फेरी मारली आणि मग स्वतःच्याच घराच्या शोधात निघून गेला. दुकानदार शहाणा माणूस होता.

रविवारी अकराच्या सुमाराला वन्सं आल्या. टॅक्सीवाल्याने बॅग वर आणून दिली आणि तो गेला. वन्सं एकाहत्तरच्या होत्या, पण पाठ अजून टायपिस्टची, सरळ. केस बारीक कापलेले, चष्मा नव्हता. बाईंनी या म्हटलं, बॅग घेतली. वन्सं उंबऱ्यात क्षणभर थांबल्या, घराचा वास घ्यावा तशा, आणि मग नेहमीच्या ठाम पावलांनी आत शिरल्या. तिसऱ्या पावलाला त्यांचा गुडघा खुर्चीवर आदळला. वळसा घालून पुढे झाल्या आणि टेबलाच्या कडेला कंबर लागली. तिथे टेबल कधीच नव्हतं. बाईंना वाटलं, गोंधळल्या, मी पण अशीच गोंधळले होते, आता दोघी हसू. पण वन्संचा एक हात भिंतीला लागला होता आणि तो भिंतीवरून सरकत सरकत त्यांना पुढे नेत होता. चहा टाकते, असं म्हणत त्या स्वयंपाकघरात गेल्या. बाई मागोमाग दारापर्यंत आल्या.

वन्संचा हात शेगडीच्या डावीकडे गेला. तिथे काही नव्हतं. उजवीकडे गेला. तिथेही काही नव्हतं. मग तो हात हवेत तसाच राहिला, बोटं थोडी पसरलेली, टोकं हळूहळू हलणारी. खिडकीखालच्या कोनाड्यात, दोन हातांवर, भर उजेडात चहाचा लालभडक डबा होता आणि वन्संचं तोंड अगदी त्याच्याकडे होतं. त्या त्याच्याकडे बघत होत्या आणि त्यांना तो दिसत नव्हता.

बाईंना आधी दोन चमचे मीठ आठवलं, मग कपाटावर उचलून ठेवलेला चष्मा, मग खिडकीशी, उजेडाशी ओढून घेतलेली खुर्ची. तीस वर्षांनीही त्याच खणात गेलेली कात्री. हुकूम नव्हता तो. दिसत नव्हतं म्हणून हात आपला ओळखीच्या वाटेने जात होता, आणि रोज दुपारी कोणीतरी ती वाट मोडून ठेवत होतं. आणि आता तर बाईंनी खडूने आखून, चादरीवरून ओढून, मोठ्या हौसेने सगळ्याच वाटा बुजवल्या होत्या. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधण्यात जन्म गेला, आणि त्या डोळ्यात काय झालंय ते विचारायचं सुचलं नाही. वन्संनी हात खाली घेतला. दारात कोणी उभं आहे हे त्यांना कळलं असावं, कारण त्या न वळता बोलल्या,

“मधोमध डाग आहे. कडेचं पुसट दिसतं, समोरचं नाही. दोन वर्षं झाली.” मग म्हणाल्या, “सांगायला हवं होतं मी. तू सगळं बदललंस ते बरोबर केलंस, तुझं घर आहे. अर्ज दे, मी तिथेच जाते. तिथे सगळ्यांनाच चाचपडावं लागत असेल.”

बाईंना खूप काही सांगायचं होतं. तुमच्यासाठीच बदललं, आपण दोघी सारख्या नव्या व्हाव्यात म्हणून बदललं, माशांच्या दुकानात मला असं सांगितलं. पण हे वाक्य तोंडात जुळवून बघितलं तेव्हाच त्यांना कळलं की ते जगात कोणालाच सांगता येण्यासारखं नाही. बाहेरच्या खोलीत पंप घरघरत होता. डबीतला पिवळा तळाशी पोट टेकून बसलेला असणार, आणि निळा बाहेरून बघत. त्यांनी फ्रिजवरचा अर्ज काढला, चार घड्या घातल्या आणि केराच्या डब्यात टाकला. कागदाचा आवाज वन्संना ऐकू जाईल एवढ्या सावकाश. मग जाऊन कोनाड्यातला चहाचा डबा उचलला, वन्संचा हवेतून खाली आलेला हात धरला आणि बोटं डब्याच्या झाकणावर ठेवली. बोटं थंड होती, पण झाकण लागताच ती तिथे स्थिरावली.

“वन्सं,” बाई म्हणाल्या, “मला लावायला काही जमत नाही. चहाचा डबा कुठे ठेवू?”

वन्सं अंगठ्याने झाकणाची कड चाचपत होत्या.

“तुझा हात पोचेल तिथे ठेव,” त्या म्हणाल्या. “फक्त ठेवल्यावर मला सांग. दोन दिवसांत बोटांना कळतं.”